पेटी उघडायचीय? आधी पोरं झोपू द्या

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी माहेरहून फोन आला, की घराचं मातीचं धाबं उतरवून स्लॅब टाकायचाय तर माळ्यावरची तुझी पत्र्याची पेटी उचल. आईचे शब्द जसेच्या तसे सांगते, "तुन्ही पेटी लई जाय, नही ते भंगारवालाले दी टाकसू." आमची आई बोलते ते करते, भावाची सायकल अशीच किलोवर गेलेली आहे, त्यामुळे मी रविवारीच धुळ्याहून निघाले आणि पेटी घेऊन आले.

आणि मग सगळ्यात मोठी चूक केली. पेटी हॉलमध्ये ठेवली, दोन्ही पोरांना समोर बसवलं (मोठी सात वर्षांची, धाकटा तीन), आणि एकदम निवेदकासारखं सुरू केलं, की बघा हां आता, यात मम्मीचं सगळं लहानपण आहे. चार मिनिटं टिकलं ते. मोठीनं विचारलं यात चार्जिंगवर चालणारं काय आहे, आणि मी तिला उत्तर देईपर्यंत धाकट्याच्या मुठीत डांबराची गोळी होती आणि मूठ तोंडाकडं निघालेली. पांढरी गोल गोळी, त्याला पेपरमिंट वाटणार नाहीतर काय. हातातून हिसकावली, तो रडला, मी ओरडले, पेटी बंद, कार्यक्रम संपला.

नंतर मी हेच काम नीट केलं, हळूहळू, तीन-चार महिने घेऊन, आणि त्यातून जे कळलं ते इथं लिहितेय. तुमच्याकडं पण अशी पेटी असेल, नाहीतर दिवाणातला कप्पा, नाहीतर सासरी माळ्यावर पडलेली व्हीआयपीची बॅग, तर कामाला येईल.

पेटी कुठं आणि कधी उघडायची

घरात नाही. ओट्यावर, अंगणात, गच्चीवर, जिथं झाडता येईल तिथं. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४ ला टेकलेला असताना दुपारी पत्र्याखालच्या माळ्यावर चढायचा तर विचारच सोडा, सकाळी सात ते नऊ एवढाच वेळ खरा. जमत असेल तर दिवाळीच्या सुट्टीत करा, तेव्हा हवा पण चांगली असते आणि पाहुणे पण असतात.

पहिल्यांदा उघडताना पोरं जवळ नकोत. याचं कारण विंचू. कोकणातले लोक ओल आणि बुरशीला घाबरतात, आपल्या खान्देशात हवा कोरडी म्हणून कागद बरे राहतात, पण विंचू, वाळवी, उंदीर हे तिन्ही आपले. पेटी काठीनं दोन-चारदा ठोका, झाकण स्वतःच्या विरुद्ध बाजूला उघडेल अशी ठेवा, आणि कपड्यांच्या घडीत सरळ हात घालू नका, चिमट्यानं किंवा काठीनं उचलून झटका. माझ्या पेटीत विंचू निघाला नाही, पण भावाच्या कपाटामागं त्याच दिवशी निघाला. लहान पोराला चावलाच तर कांदा चोळणं, मंत्र टाकणाऱ्याकडं नेणं यात वेळ घालवू नका, सरळ दवाखाना, कारण लहान मुलांत विष हृदयावर जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही ब्लडप्रेशरची साधी गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवून दिलं, म्हणून आता वेळेत पोचलेलं पोर वाचतं, फक्त वेळेत पोचायला पाहिजे.

डांबराच्या गोळ्या पहिल्या काढा, मोजून काढा, आणि कचऱ्यात पण अशा टाका की पोराला हात लागणार नाही. नॅफ्थलीन असतं त्यात. गिळली तर वाईटच, पण न गिळता सुद्धा, म्हणजे त्या गोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला तसेच घातले तरी काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ होते. ज्यांच्यात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्या बाळांना हा त्रास होतो, आणि कोणत्या बाळात ते कमी आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून जुनी कुंची, दुपटं, झबलं काढलं की आधी धुवायचं, मग दोन-तीन दिवस उन्हात, वास पूर्ण गेला की मगच बाळाच्या अंगाला. परत ठेवताना वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि फडक्यात बांधलेल्या लवंगा. पाला दर वर्षी बदलावा लागतो, ही त्यातली कटकट आहे, पण कडुनिंब आपल्या दारातच असतो.

आता वाटणी

रात्री पोरं झोपल्यावर बसा. एकट्याच बसा, नवऱ्याला बोलावलं तर तो प्रत्येक गोष्टीला "याचं काय करणार" विचारतो. (माझा विचारतो, तुमचा नसेल विचारत.)

लोक सांगतात तीन ढीग करा, ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. मला ते जमलं नाही, कारण प्रत्येक गोष्ट ठेवायच्याच ढिगात जाते. मी वेगळा प्रश्न विचारत गेले, हे उद्या धाकट्यानं मोडलं तर मी त्याच्यावर ओरडेन का? ओरडणार असेन तर ती वस्तू वर, कुलपात, पोरांना आत्ता दाखवायचीच नाही. ओरडणार नसेन तर ती आजपासून त्यांची, मग ती मोडो, हरवो, चिखलात जावो, आपण तोंडातून शब्द काढायचा नाही. मधलं काही ठेवायचं नाही. "बघ पण हात लावू नको" हे तीन वर्षांच्या पोराला सांगणं म्हणजे हात लाव म्हणून सांगणंच आहे, आणि मग वस्तू पण मोडते, पोर पण मार खातं, आणि आपल्या त्या आठवणीला कायमचा रडका वास लागतो.

मला वाटलं होतं अर्धी पेटी कुलपात जाईल. प्रत्यक्षात काय गेलं, तर फोटो, पत्रं, एक कॅसेट, चांदीचे वाळे आणि पोळ्याचा एक मातीचा बैल, ज्याचं एक शिंग माझ्याच हातून ८९ का ९० साली मोडलेलं आहे. बाकी सगळं, सागरगोट्यांची पुरचुंडी, कंपास, पाटी, भवरा, गोट्या, भातुकलीची पितळी चूल, पत्र्याची बोट, पावडरच्या डब्यातली चिल्लर, पोरांच्या नावावर.

चिल्लरीबद्दल एवढंच, की २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे दहा पैशाचं ते फुलासारख्या कडेचं नाणं आता दुकान-दुकान खेळायलाच आहे. चिंच-पितांबरी लावून चकचकीत करू नका मात्र, नाण्यांचा शौक असलेले लोक घासलेलं नाणं घेत नाहीत म्हणतात.

धाकटं तीन वर्षांच्या आतलं असेल तर

या पेटीतल्या बहुतेक गोष्टी नरड्यात अडकायच्याच मापाच्या असतात, गोट्या, सागरगोटे, चिंचोके, मणी. यासाठी पेटीतच एक माप सापडतं. फोटोच्या रोलची ती काळी प्लास्टिकची डबी आठवते? लहान मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, आणि ही डबी जवळपास तेवढीच आहे, किंचित लहान. म्हणजे जी वस्तू डबीत जाते ती तीन वर्षांखालच्या पोराच्या हाताला लागेल अशी नको, आणि जी अगदी थोडक्यासाठी अडतेय ती पण नको. मोठीला हे काम दिलं, ती दोन तास प्रत्येक वस्तू डबीत घालून "पास", "नापास" करत बसली, तेवढ्यात माझा स्वयंपाक झाला. हाच तिचा त्या पेटीतला पहिला खरा खेळ होता, मी ठरवलेला नव्हता.

चपटे बटण सेल बघा. जुनं इलेक्ट्रॉनिक घड्याळ, उघडल्यावर गाणारं ग्रीटिंग, कॅल्क्युलेटर, यात असतात. गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजतं, आणि आपल्याला संपलेला वाटणारा सेल पण हे करतो. उलटी काढायला जाऊ नका, वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल. पेटीतून निघालेले सगळे सेल मी त्याच रात्री चिकटपट्टीत गुंडाळून बाहेर काढले.

आणि रंग. जत्रेतली ती लाल-पिवळी लाकडी, पत्र्याची खेळणी दिसायला काय सुंदर, पण त्या काळच्या रंगात शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम आपल्याकडं २०१६ चा, आणि खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला १ जानेवारी २०२१ ला, म्हणजे आपलं खेळणं या दोन्हीच्या कितीतरी आधीचं. रंगाचे पोपडे निघत असतील आणि घरात वस्तू तोंडात घालणारं पोर असेल तर ते खेळणं फळीवर. सात वर्षांच्या पोरीनं खेळून हात धुतले तर ठीक आहे.

पोरांना द्यायचं कसं

एका वेळी एकच वस्तू. एका रविवारी एक. आणि भाषण नाही. आमच्या काळी, आम्ही लहान असताना, आम्हाला कुठं मोबाइल होता, ही वाक्यं तोंडात आली की गिळायची. पोराला आपल्या आठवणीशी काही देणंघेणं नसतं आणि ते बरोबरच आहे, त्याला वस्तू कशी चालते एवढंच हवं असतं. वस्तू चालू करून द्या आणि गप्प बसा, मग दोन दिवसांनी झोपताना ते आपणहून विचारतं, मम्मी तुला ही कोणी घेऊन दिली होती? तेव्हा सांगा काय सांगायचं ते.

आमच्याकडं सगळ्यात जास्त चाललं ते चंगा-अष्टा आणि बोट.

चंगा-अष्टाला काहीच लागत नाही, खडू आणि चार चिंचोके. चिंचोके घ्यायचे, एका बाजूनं खडबडीत फरशीवर घासत राहायचं की आतलं पांढरं दिसायला लागतं, म्हणजे एक बाजू पांढरी एक तपकिरी. घासायचं काम पोरीला द्या, पंधरा मिनिटं घर शांत. फरशीवर पाच गुणिले पाच घरं आखायची, चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि बरोब्बर मध्ये फुली. आपल्या समोरच्या फुलीतून चार सोंगट्या सुटतात, आधी बाहेरच्या सोळा घरांची फेरी, मग आत वळून उलट्या दिशेनं आतली आठ घरं, मग मधली फुली. चिंचोके टाकायचे आणि पांढरे किती पडले ते मोजायचं, दोन तर दोन घरं, चारही पांढरे तर चंगा म्हणजे चार, चारही तपकिरी तर अष्टा म्हणजे आठ, चंगा किंवा अष्टा पडला की परत एक डाव. दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली पडली की ती मेली, परत पहिल्यापासून, फक्त फुलीच्या घरात मारता येत नाही. आणि किमान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत घुसायचं नाही. गावोगाव नियम थोडे बदलतात, माझ्या जावेच्या माहेरी वेगळे आहेत आणि त्यावरून आमचं भांडण झालेलं आहे. मोठीला एका संध्याकाळीत आला खेळ, आठची बेरीज बोटं न मोजता करायला लागली ती यातूनच. धाकटा झोपलेला असतानाच खेळतो आम्ही, चिंचोके डबीत नापास आहेत ना.

आता बोट. ही नीट सांगते कारण बऱ्याच जणांच्या पेटीत असते आणि ती मेलीय समजून लोक भंगारात देतात.

पत्र्याची छोटी आगबोट, खाली मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या, आत एक चपटी पत्र्याची डबी आणि तिच्याखाली वात ठेवायला जागा. माझी वैशाखातल्या अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या यात्रेतली, बोरी नदीच्या पात्रात दुकानं लागतात तिथली. ती वीस-पंचवीस वर्षं चालवलेली नव्हती, बाहेरून गंजलेली.

पहिलं म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत का बघायचं. घरात लहान मूल आहे म्हणजे औषधाच्या बाटलीसोबत आलेल्या बिनसुईच्या सिरिंजा असतातच पाच-सहा, त्यातली एक घ्या, पाणी भरा, एका नळीत हळू दाबा. दुसऱ्या नळीतून पाणी आलं तर जिंकलात. नाही आलं तर आत गंज आहे, तेच सिरिंजनं व्हिनेगर भरून दोन तास ठेवा आणि परत पाणी मारा. माझ्या बोटीतून पहिल्यांदा चहासारखं पाणी आलं, मग स्वच्छ. त्यानंतर बोट बादलीत धरून एका नळीत सिरिंजनं हवा दाबायची, दुसरी बोटानं बंद, कुठून बुडबुडे येतात का बघायचं. डबीच्या सांध्यातून आले तर डाग द्यावा लागेल, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला दोन मिनिटांत देतो, पण तो तुमच्याकडं बघून हसेल.

मग परातीत किंवा घंगाळात पाणी घ्या, पंखा बंद, नळ्या पाण्यानं पूर्ण भरा, बोटं लावून धरा आणि पाण्यात ठेवा, नळ्यांची तोंडं पाण्याखालीच राहिली पाहिजेत. कापसाची छोटी वात गोड्या तेलात बुडवून तिच्या त्या पत्र्याच्या चमच्यात ठेवायची, पेटवायची (आपण, पोरांनी नाही), आणि डबीखाली सरकवायची. साधारण अर्धा मिनिट काही होत नाही आणि पोरं म्हणतात हिला चार्जिंग नाही. मग एकदम फट्, मग फट् फट्, आणि मग फटफटफटफट करत निघते ती. नळ्यांत पाणी नसताना वात कधीच लावू नका, कोरडी डबी तापली की सांधे वितळतात आणि मग खरंच भंगार. चालून झाल्यावर पत्रा चांगला तापलेला असतो, पोरांच्या हाताला लगेच द्यायची नाही.

मोठीनं विचारलंच, की डबीतलं पाणी वाफ होऊन बाहेर गेलं तर बोट पुढं जाईल हे ठीक, पण वाफ थंड झाली की तेच पाणी परत आत ओढलं जातं, मग बोट मागं का येत नाही. मला शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं, नवऱ्यानं सांगितलं (इथं त्याचा उपयोग झाला). तिच्यापुढं मेणबत्ती लावली आणि म्हणाला फुंकर मार. विझली. परत लावली आणि म्हणाला आता श्वास आत ओढून विझव. नाही विझत. बाहेर जाणारं पाणी एका धारेत मागं जातं आणि बोटीला पुढं ढकलतं, आत येणारं पाणी सगळीकडून थोडं थोडं येतं, त्याला तसा जोर नसतो. त्या दिवशी आमच्याकडं साताठ मेणबत्त्या आत ओढून विझवायचा प्रयत्न झाला.

फोटो आणि कागद

हे कुलपातलं सामान, पण हाताळायचं कसं ते सांगते, कारण नव्वदच्या दशकातले ते चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा कागद असलेले अल्बम फोटो खातात. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. नखानं ओढून काढू नका, फोटो वाकून त्याच्यावर कायमची रेघ येते. दातांचा फ्लॉस नाहीतर बारीक मजबूत दोरा फोटोच्या मागं सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढं न्या. अगदीच निघत नसेल तर तसाच राहू द्या आणि पानावरच फोटो काढून घ्या. लॅमिनेशन करू नका, कोणी कितीही म्हटलं तरी, ते परत निघत नाही. रबरबँड पण नको, फोटोला चिकटतो आणि चांदीला लागला तर काळं करतो.

मोबाइलनं कॉपी करायची तर खिडकीजवळ सावलीत, फ्लॅश बंद, फोन फोटोच्या बरोब्बर वर सपाट. स्कॅनर मिळाला तर लहान फोटो ६०० डीपीआयवर करा. निगेटिव्ह असतील तर टाकू नका, फोनवर पांढरा स्क्रीन पूर्ण उजेडात लावून त्यावर निगेटिव्ह ठेवा आणि दुसऱ्या फोननं फोटो घेऊन रंग उलटे करा, साधारण काय आहे ते दिसतं, मग ठरवा कोणतं स्टुडिओत द्यायचं.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं काम म्हणजे फोटोत कोण आहे ते लिहून घेणं, आणि ते आखाजीलाच होतं, कारण आत्या, मावश्या, सगळ्या माहेरवाशिणी त्याच दिवसांत येतात. दुपारी आमरस-पुरणपोळी होऊन सगळ्या कूलरसमोर आडव्या झाल्या की अल्बम मध्ये टाका आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करून बाजूला ठेवा. आधी सांगा रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून, दोन मिनिटं सगळ्या शहाण्यासारखं बोलतात, मग विसरतात. एका फोटोतल्या नवरदेवाशेजारच्या माणसावरून आमच्या दोन आत्या वीस मिनिटं भांडल्या आणि त्या भांडणात मला आजोबांच्या दोन बैलांची नावं, विहिरीचं वाटप आणि एक मोडलेलं लग्न एवढं सगळं कळलं. नाव फोटोच्या मागं मऊ शिसपेन्सिलनं लिहा, बॉलपेन नको, पुढं उमटतं.

जुने किशोर मासिकाचे अंक फाटलेले निघाले तर रडू नका. बालभारतीनं १९७१ पासूनचे किशोरचे अंक ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. माझे अर्धे उंदरांनी खाल्लेले, ते मी पोरांना कात्रणं करायला देऊन टाकले.

कॅसेट

सुरतला मिलमध्ये असलेल्या काकांनी टेपरेकॉर्डर आणला होता, त्यावर आम्ही माझ्या आजीचा, मोठी माय म्हणायचो तिला, आवाज भरला होता. जात्यावरच्या ओव्या, आणि मध्येच कोंबडीला हाकललेलं. त्या कॅसेटचं काय केलं ते सांगते आणि माझं काय चुकलं ते पण.

सगळ्यात आधी, वाजवायच्याही आधी, कॅसेटच्या पाठीवर दोन कोपऱ्यांत दोन छोट्या चौकोनी खिट्ट्या असतात त्या मोडा. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर परत रेकॉर्डिंग होत नाही. हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं, आणि मी केलं नाही.

मग खिडकीतून रीळ बघा. टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर बुरशी आहे, वाजवू नका, मशीन पण घाण होईल. ठीक असेल तर नटराजची षटकोनी पेन्सिल दातऱ्यांत घालून थोडी फिरवा, मोकळी फिरतेय का बघा. मग मशीनमध्ये एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले थर सुटतात. टेपरेकॉर्डरचं हेड मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आणि कापसाच्या काडीनं पुसून घ्या. रेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये (आवाज आत घ्यायचं भोक), कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर. लॅपटॉपला बहुतेक एकच भोक असतं, मग छोटं यूएसबी साउंड कार्ड लागतं. तेही नसेल तर फोन स्पीकरसमोर उशीवर ठेवून रेकॉर्ड करा, पण पंखा आणि कूलर बंद करून, आणि मे महिन्यात कूलर बंद म्हणजे पहाटे पाचलाच, दूधवाला यायच्या आत. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाई होत नाही त्यात.

मी आदल्या संध्याकाळी नुसतं वाजतंय का बघायला लावली. आवाज आला. मोठी माय. मी तशीच फरशीवर बसले, भाजी जळाली. दाराची बेल वाजली म्हणून उठले, आणि धाकट्याला त्या मशीनवरचं एकच लाल बटण दिसलं.

परत आले तर तो मशीनच्या तोंडात तोंड घालून बोलत होता. अकरा सेकंद गेली. ओवी अर्ध्यावर तुटते, खट्, मग माझ्या पोराचा आवाज, "हाई काय शे? मम्मी हाई काय शे?", खट्, आणि मग मोठी माय कोंबडीला हाकलते. आईला फोनवर रडत सांगितलं तर ती म्हणाली जाऊ दे वं, ओवी मले येस, आणि फोनवरच म्हणून दाखवली. तिची पण रेकॉर्ड करून ठेवली मग, वेगळ्या फाइलमध्ये. अकरा सेकंदं कापली नाहीत. फाइल तीन ठिकाणी आहे, लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि भावाच्या फोनमध्ये, तुम्ही पण एका ठिकाणी ठेवू नका.

राहिलेलं, पटकन

वाळे काळे पडलेले असतील तर टूथपेस्टनं घासू नका, ओरखडे पडतात. स्टीलच्या भांड्यात तळाला ॲल्युमिनियम फॉइल, वर वाळे फॉइलला टेकतील असे, एक चमचा खायचा सोडा, वरून उकळतं पाणी. सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि काळेपणा चांदीवरून उतरतो, पोरांना जादू वाटते. खडे, मीनाकाम किंवा मुद्दाम काळं ठेवलेलं नक्षीकाम असेल तर मात्र हे करू नका.

कपडे सगळे ठेवू नका. मी एक कुंची ठेवली, बाकीचे फ्रॉक आणि आईची दोन जुनी लुगडी शेजारच्या मावशींकडं गोधडीला दिले. गोधडीत मोठीला माझा पिवळा फ्रॉक कुठं आहे तो तुकडा माहीत आहे आणि ती त्याच बाजूनं झोपते, धाकटा पण त्याच बाजूनं झोपतो, रोज रात्री मारामारी.

पोरांचं जुनं टाकताना त्यांना न विचारता टाकू नका. मी एकदा तुटका डंपर रद्दीवाल्याला दिला, आजही ऐकवलं जातं.

पेटी स्वतः पण कामाची असते. आतून गंज खरवडा, खोबरेल तेलाचा हात फिरवा, तळाला चार विटांचे तुकडे द्या. आमच्या पेटीत आता पोरांचे रेनकोट, बोट, आणि पास-नापासवाली काळी डबी असते. कडी जुनी आहे, किल्ली माहेरीच कुठंतरी धाब्याच्या मातीत गेली, त्यामुळे कडीला सध्या परकराची नाडी बांधलीय, आणि ती धाकट्याला अजून सोडता येत नाही.